एका कागदावर तीन निगेटिव्ह: यूल्समनच्या पद्धतीनं डार्करूममधलं मॉन्टाज

फोटोशॉप न उघडता एखादं झाड पाण्यावर तरंगवायचं, तेही मुळांसकट, तर ते कसं करायचं हे सांगायला बसलोय. जेरी यूल्समन नावाचा अमेरिकन फोटोग्राफर हे आयुष्यभर करत होता, आणि त्याच्या प्रिंट बघून आजही कोणीतरी विचारतंच की कुठलं सॉफ्टवेअर वापरलंय. सॉफ्टवेअर नाही हो. एन्लार्जर (निगेटिव्हमधून उजेड पाडून कागदावर मोठं चित्र टाकणारं यंत्र), ब्रोमाइड पेपर (उजेडानं चित्र धरणारा फोटोचा कागद), काळ्या पुठ्ठ्याचे तुकडे आणि चिकाटी. १९६७ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं एकट्याचं प्रदर्शन लागलं तेव्हा फोटोशॉप बाजारात यायला अजून २३ वर्षं होती.

माणसाबद्दल थोडक्यात, कारण त्याची पद्धत त्याच्या विचारातूनच आलीय. जन्म १९३४, डेट्रॉइट. रॉचेस्टरला मायनर व्हाइट या फोटोग्राफरकडे शिकला, मग इंडियानात हेन्री होम्स स्मिथ या दुसऱ्या फोटोग्राफरकडे, आणि १९६० पासून निवृत्तीपर्यंत फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत शिकवत राहिला, २०२२ मध्ये गेला. त्या काळी अँसल अ‍ॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरच्या मताचा दबदबा होता: शटर दाबायच्या आधीच शेवटची प्रिंट डोक्यात पूर्ण दिसली पाहिजे. यूल्समन म्हणायचा की ठरवायचं काम डार्करूममध्येही चालूच राहू दे की, प्रिंट हातात येईपर्यंत. याला त्यानं पोस्ट व्हिज्युअलायझेशन असं भारदस्त नाव दिलं. आपल्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे, कॅमेऱ्यानं कच्चा माल गोळा करायचा आणि खरा विचार कॉन्टॅक्ट शीटसमोर (सगळ्या निगेटिव्हची मूळ मापातली एकत्र प्रिंट) बसून करायचा.

निगेटिव्ह जोडून एक फोटो करणं हा काही त्याचा शोध वगैरे नव्हे. रेयलँडर नावाच्या जुन्या फोटोग्राफरनं १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलीमोठी प्रिंट केली होती, पुढच्याच वर्षी रॉबिन्सन नावाच्या दुसऱ्यानं पाच निगेटिव्हची केली. आपल्याकडे सिनेमावाले दादासाहेब फाळके मूळचे फोटोग्राफीतलेच, त्यांनी हीच बेरीज कॅमेऱ्याच्या आत, फिल्मवर केली. पण हे जुने लोक जोडकाम करून खऱ्यासारखा दिसणारा देखावा उभा करायचे. यूल्समनला तसला देखावा नकोच होता, १९७६ च्या एका प्रिंटमध्ये जुन्या पद्धतीची अभ्यासिका आहे आणि छताच्या जागी ढग, १९८२ च्या एका प्रिंटमध्ये घर खाली थेट झाडाच्या मुळांत उतरतं. आणि तरी बघताना डोळा कुठे अडखळत नाही. ते का, हेच शिकायचंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन लोक कल्पनेपासून सुरुवात करतात, म्हणजे डोक्यातून घड्याळ उगवतंय, हातातून पक्षी उडतोय वगैरे, आणि मग त्यासाठी निगेटिव्ह शोधत बसतात. उलटं करा. आधी जोड शोधा. मॉन्टाज, म्हणजे वेगवेगळे फोटो जोडून केलेलं चित्र, फसतं ते जोडावर, कल्पनेवर नाही.

हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. प्रिंटवर तीन प्रकारच्या जागा असतात असं धरा: काळी, पांढरी आणि करडी. काळ्या जागेत दोन निगेटिव्हचा उजेड एकमेकांवर पडला तरी काळं आणखी काळं होत नाही, त्यामुळे जोड लपतो. पांढऱ्या जागेत कुठल्याच निगेटिव्हमधून कागदापर्यंत काही पोचत नाही, तिथेही जोड दिसायचा प्रश्न नाही. करड्या जागेत मात्र दोन्ही उजेडांची बेरीज होते आणि गडद पट्टा उमटतो, किंवा घाबरून मास्क (उजेड अडवणारा पुठ्ठा) जास्त आत घेतलात तर फिकट पट्टा. म्हणून कॉन्टॅक्ट शीट बघताना वस्तू बघू नका, कडा बघा. कुठल्या फ्रेममध्ये खालचा भाग काळा होत जातोय, कुठल्या फ्रेममध्ये आकाश कोरं पांढरं आहे, कुठे धुकं आहे, कुठे दाट सावली. अशा फ्रेमना पेन्सिलीनं खूण करा. मग दोन कॉन्टॅक्ट शीट शेजारी ठेवून एकीतली काळी कडा दुसरीतल्या काळ्या कडेला लावून बघा, कात्रीनं कापून खरोखर चिकटवून बघितलं तर आणखी बरं. कल्पना तिथेच सुचते.

आता मटेरियल काढताना, म्हणजे शूटिंग करताना, काय लक्षात ठेवायचं. पावसाळी ढगाळ आकाश हे या कामासाठी वरदान आहे. सपाट पांढऱ्या आकाशापुढचं एकटं झाड, थोडं जास्त एक्स्पोजर (उजेड) देऊन काढलेलं, म्हणजे निगेटिव्हवर आकाश चांगलं दाट होतं आणि प्रिंटमध्ये कोरा कागद राहतो, त्या कोऱ्या जागेत नंतर काहीही बसवता येतं. हात, दगड, शिंपला, चेहरा असल्या वस्तू पांढऱ्या कागदावर किंवा काळ्या कापडावर ठेवून काढा, दोन्ही प्रकार काढून ठेवा, कुठला लागेल आत्ता सांगता येत नाही. मुळं हवी असतील तर वळवाच्या वादळानंतर फिरायला बाहेर पडा, गुलमोहर हमखास उन्मळलेले सापडतात, मुळं वर नसून आडवी असतील तरी चालेल, एन्लार्जरखाली ईझल (कागद धरणारी चौकट) फिरवलं की झाड उभं राहतं. मात्र उजेड कुठून येतोय त्याची नोंद ठेवा. झाडावर डावीकडून ऊन आणि दगडावर उजवीकडून असलं की बघणाऱ्याला कारण कळत नाही पण काहीतरी खटकतं. निगेटिव्ह उलटी घालून हे बऱ्याचदा सुधारता येतं, फक्त फ्रेममध्ये पाटी किंवा अक्षरं नकोत.

अजून एक, एक निगेटिव्ह खूप मोठी करायची आणि दुसरी जेमतेम, असं असेल तर ग्रेन (फिल्मचे दाणे) जुळत नाही आणि चोरी लगेच पकडली जाते. मीडियम फॉरमॅट (पस्तीस एमएमपेक्षा मोठ्या फिल्मचा कॅमेरा) असेल तर तोच वापरा. पस्तीस एमएमवर करता येतं पण दोन्ही निगेटिव्ह साधारण सारख्याच मोठ्या होतील अशा निवडा.

एकत्र करायच्या वाटा दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली, दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवून एकाच कॅरियरमध्ये (एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह धरणारा भाग) घालायच्या आणि एकदाच एक्स्पोज करायचं, सँडविच म्हणतात तसं. यात दुसऱ्या निगेटिव्हमधलं चित्र पहिलीच्या सावल्यांमध्ये दिसतं, कारण निगेटिव्हवर सावलीची जागा पारदर्शक असते. सोपं आहे, पण दोन्हीची साइज आणि जागा बदलायचं स्वातंत्र्य जवळजवळ नाही. दुसरी वाट म्हणजे एकाच कागदावर एकामागून एक वेगवेगळ्या निगेटिव्ह छापायच्या. इथे हिशोब बरोबर उलटा होतो, दुसरं चित्र पहिल्याच्या पांढऱ्या भागात दिसतं, कारण काळा भाग आधीच भरून गेलेला असतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्ध्या चुका होतच नाहीत. यूल्समनची मुख्य वाट ही दुसरी. त्याच्या डार्करूममध्ये एन्लार्जरची रांगच होती, प्रत्येकात एक निगेटिव्ह लावून, फोकस करून तयार, आणि हा माणूस एकच कागद घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे जायचा. एक निगेटिव्ह पटली नाही तर तेवढ्या एकाच एन्लार्जरमधली बदलायची, बाकीचे तसेच.

आपल्या घरात एक एन्लार्जर मावला तरी खूप, तोही कुठल्यातरी बंद पडलेल्या स्टुडिओतून उचललेला. त्यावर हे होतं, फक्त क्रम बदलावा लागतो. तो पुढे सांगतो.

आधी नकाशा करा. ब्रोमाइड पेपरच्याच मापाचा साधा पांढरा कागद ईझलमध्ये लावा, दिवे बंद, पहिली निगेटिव्ह टाकून हवी तेवढी मोठी करा आणि पेन्सिलीनं मुख्य रेषा गिरवा, क्षितिज, खोडाच्या कडा, जिथे जोड येणार ती जागा. एन्लार्जरच्या दांड्यावर हेडची (दिवा आणि लेन्स असलेल्या वरच्या भागाची) उंची टेपनं मार्क करा, ईझलचे कोपरे खालच्या फळीवर (बेसबोर्डवर) मास्किंग टेपनं मार्क करा. मग दुसरी निगेटिव्ह, त्याच कागदावर, पेन्सिलीच्या रेषांना जुळेपर्यंत हेड वरखाली आणि ईझल इकडेतिकडे. जुळलं की हिच्या रेषा दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीनं, हिच्या खुणा दुसऱ्या रंगाच्या टेपनं. हा नकाशा फेकू नका, पुढे जुळणी तपासायला हाच लागणार आहे.

मग प्रत्येक निगेटिव्हची स्वतंत्र टेस्ट स्ट्रिप, म्हणजे कागदाच्या पट्टीवर वेगवेगळे सेकंद देऊन बघायचं. दोन्ही एकत्र टाकून टेस्ट करायचा मोह होतो, करू नका, काही समजत नाही. समजा पाण्याची निगेटिव्ह एफ ८ ला (हे लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे अ‍ॅपर्चरचं माप) ९ सेकंद, काँट्रास्टचा फिल्टर नंबर ३, आणि झाडाची १४ सेकंद, फिल्टर २ अशी ठरली. मल्टिग्रेड पेपरचा इथे फार फायदा आहे, एकाच कागदावर एका भागाला कडक आणि दुसऱ्याला मऊ काँट्रास्ट देता येतो, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या उजेडात काढलेल्या दोन गोष्टी एका हवेत आणता येतात. हेडची उंची बदलली की सेकंदही बदलतात हे विसरू नका.

आता मास्क, म्हणजे सगळ्या कामाचा जीव. मास्क कागदाला चिकटून ठेवला तर कड चाकूनं कापल्यासारखी येते, कोलाज दिसतं. तोच पुठ्ठा कागद आणि लेन्सच्या मध्ये हवेत धरला की कड विरते, आणि जितका लेन्सच्या जवळ न्याल तितकी जास्त विरते. लेन्स जास्त उघडी असेल तर आणखी मऊ, बंद केली तर कड घट्ट. म्हणजे पुठ्ठ्याची उंची आणि अ‍ॅपर्चर, या दोन गोष्टींनी जोड किती रुंद हवा ते तुम्ही ठरवता. हे आधी ब्रोमाइड न वापरता साध्या पांढऱ्या कागदावर करून बघा, निगेटिव्ह न टाकता नुसता उजेड पाडायचा, पुठ्ठा वर खाली करायचा आणि सावलीची कड कशी पसरते ते नुसतं बघत बसायचं.

यातली मेख अशी: पहिल्या निगेटिव्हला खालचा भाग झाकणारा पुठ्ठा आणि दुसरीला वरचा भाग झाकणारा पुठ्ठा, दोन्ही एकाच उंचीवर, एकाच अ‍ॅपर्चरला आणि कड एकाच रेषेवर असेल तर पहिल्याचा उजेड जिथे जितका कमी होत जातो तिथे दुसऱ्याचा बरोबर तितका वाढत जातो, बेरीज आपोआप जुळते. म्हणून हातात धरण्यापेक्षा ईझलच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे सारखे गठ्ठे लावा, त्यावर स्वच्छ काच आडवी ठेवा आणि पुठ्ठे काचेवर. एका पुठ्ठ्याचे दोन तुकडे जोडाच्या रेषेवरून कापले की दोन्ही मास्क एकमेकांना जुळणारेच निघतात. रेषा अगदी सरळ कापू नका, झाडोरा किंवा डोंगराची कड असेल तशी वेडीवाकडी कापा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मास्क उंचावर असतो म्हणून त्याची सावली कागदावर मोठी पडते, तेव्हा नकाशावरून आहे तसा कापलेला मास्क बसणार नाही. पुठ्ठा काचेवर ठेवून, प्रोजेक्शन चालू करून, पुठ्ठ्यावर जे चित्र पडतंय त्यावरूनच कापायची रेषा आखायची.

हातानंच मास्क करायचा असेल तर पापड भाजताना हात जसा थांबत नाही तसा पुठ्ठा सारखा किंचित हलता ठेवा, एक क्षण थांबलात की तिथे रेघ उमटते.

आता एका एन्लार्जरवाल्यांचा क्रम. अंधारात पाच सहा ब्रोमाइड एकामागून एक फक्त पहिल्या निगेटिव्हनं एक्स्पोज करायचे, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं वरचा उजवा कोपरा मार्क करायचा, आणि लगेच काळ्या पाकिटात बंद. डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) पडेपर्यंत कागदावर काही दिसत नाही, चित्र आत शांत बसलेलं असतं, घाई नाही. मग निगेटिव्ह बदला, दुसऱ्या रंगाच्या टेपवर हेड आणि ईझल आणा, नकाशाचा कागद लावून जुळतंय ना ते बघा, पुन्हा फोकस करा, फिल्टर बदला. त्यानंतर पाकिटातून एकेक कागद काढून दुसरं एक्स्पोजर. कागद ईझलमध्ये ठेवल्यावर लेन्सखालचा लाल फिल्टर फिरवून प्रोजेक्शन चालू केलं तर कागद न बिघडता चित्र कुठे पडतंय ते थेट कागदावर दिसतं, तो फिल्टर त्यासाठीच असतो आणि बहुतेक लोक तो कधी वापरतच नाहीत. पाच सहा कागद का, तर प्रत्येकाला दुसरं एक्स्पोजर थोडं वेगळं द्यायचं, एकाला १२ सेकंद, एकाला १४, एकाला मास्क अर्धा इंच वर. पेपर महाग आहे हे मान्य, म्हणून सुरुवातीला ५ बाय ७ वर करा, जमलं की मोठी.

पाण्यावर तरंगणाऱ्या झाडाचं ठरवलंय तर प्रत्यक्षात असं करा. तीन निगेटिव्ह: संथ तलाव ज्याच्यावर आकाश कोरं आहे, पांढऱ्या आकाशापुढचं झाड, आणि उन्मळलेल्या झाडाची मुळं. झाड आणि मुळं यांचा जोड खोडावर, बुंध्याजवळ सालीचा सगळ्यात काळा भाग येईल तिथे. मुळांच्या मागे रस्ता, गवत, लोकांच्या चपला असं काय काय असणारच, ते मास्कनं झाकून उरलेल्या बारीकसारीक ठिकाणी निगेटिव्हवरच बारीक ब्रशनं लाल अपारदर्शक रंग लावा, जुने रिटचिंगवाले लावायचे तसा, म्हणजे ती जागा पांढरी राहील. मोठ्या निगेटिव्हवर हे जमतं, पस्तीस एमएमवर डोळे जातात. मग हे अख्खं झाड तलावाच्या कोऱ्या आकाशात उतरवायचं, मुळांची टोकं पाण्यापासून थोडी वर. इथे कुठल्याच मास्कची गरज नाही कारण पांढऱ्यात काळं उतरतंय, आणि नवख्यांना हेच खरं वाटत नाही.

त्याला पाण्यात प्रतिबिंब दिलंत की मात्र चित्र एकदम पटतं. झाडाचीच निगेटिव्ह कॅरियरमध्ये उलटी घाला, म्हणजे डावं उजवं बदललं, आणि मग ईझल १८० अंशात फिरवा. झालं प्रतिबिंब. यूल्समनच्या आरशासारख्या सममित प्रिंट बघितल्या असतील, एकच निगेटिव्ह सुलटी आणि उलटी छापणं ही युक्ती त्यानं खूप वापरलीय. खरं प्रतिबिंब वस्तूपेक्षा जरा गडद असतं, म्हणून एक्स्पोजर साधारण वीस टक्के जास्त द्या. पाणी प्रिंटमध्ये फिकट यायला हवं, नाहीतर प्रतिबिंबाला जागाच उरत नाही, म्हणून तलाव निवडतानाच ढगाळ दिवसाचा चकचकीत पाण्याचा निवडा.

केमिकलचा भाग नेहमीचाच आहे, तरी दोन गोष्टी. डेव्हलपर २० अंशाला हवा आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच त्याच्या वर असतं, तेव्हा डेव्हलपरचा ट्रे मोठ्या ट्रेमध्ये ठेवून बाहेरच्या पाण्यात बर्फ टाका, डेव्हलपरमध्ये नाही. आरसी पेपर (प्लास्टिकचा थर असलेला) साधारण मिनिटभर, फायबर (नुसत्या कागदाचा) दोन ते तीन मिनिटं, आणि काळं होतंय असं वाटून मधेच ओढून काढू नका, लाल उजेडात प्रिंट नेहमी जास्त गडद दिसते, पूर्ण वेळ दिला नाही तर काळ्या जागा पचपचीत राहतात आणि तुमचे जोड नेमके काळ्यातच लपवलेत. स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), मग हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण), मग धुणं, आरसी दोनेक मिनिटांत भागतं, फायबरला तासाच्या हिशोबानं पाणी लागतं. फायबर सुकल्यावर थोडी गडद होते हेही धरून चाला.

प्रिंट पांढऱ्या दिव्यात बघितल्यावर जोडाशी गडद ढग आला असेल तर सगळं परत करायची गरज नसते. पोटॅशियम फेरिसायनाइडचं अगदी पातळ द्रावण, फिकट पिवळं, ब्रशनं तेवढ्याच जागी लावा, पाच सात सेकंदांत पाण्यानं धुवा, मग परत हायपोत. हळूहळू, कारण उडालेलं परत येत नाही. हे केमिकल कुठल्याही तीव्र अ‍ॅसिडजवळ नेऊ नका, विषारी वायू तयार होऊ शकतो, खिडकी उघडी ठेवा आणि हातमोजे घाला. फिकट पट्टा किंवा धुळीचे पांढरे ठिपके असतील तर उलट काम, स्पॉटिंगचा रंग बारीक ब्रशनं ठिपक्याठिपक्यानं भरायचा.

फोटोशॉप आल्यावरही यूल्समन डार्करूममध्येच राहिला, आणि एकेकाळची त्याची बायको मॅगी टेलर हिनं मात्र कॉम्प्युटरवरच स्वतःचं स्वप्नाळू जग उभं केलं. दोघंही बरोबर होते असं मला वाटतं. डार्करूममध्ये अनडू नाही म्हणून ते थोर, असलं काही मी म्हणणार नाही, अनडू असता तर मी आनंदानं वापरला असता. फरक पडतो तो इतकाच की इथे निगेटिव्ह बदलायला वेळ लागतो आणि त्या वेळात कॉन्टॅक्ट शीटवर भलतंच काहीतरी दिसून जातं.

जमलेल्या प्रिंटच्या मागे लगेच सगळं लिहा: कुठली निगेटिव्ह, हेडची उंची, अ‍ॅपर्चर, फिल्टर, सेकंद, पुठ्ठा किती उंचीवर. नकाशा आणि मास्क त्याच पाकिटात ठेवा. आणि वापरलेला हायपो बेसिनमध्ये ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते, कॅनमध्ये साठवा आणि एक्स रे किंवा छपाईच्या फिल्ममधली चांदी काढणाऱ्यांकडे चौकशी करा, बरेचदा ते घेऊन जातात.